वावरातला शब्द आणि वर्गातला शब्द

पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही, या प्रश्नावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात मोठे रण माजले. १६ एप्रिलला शासननिर्णय निघाला, १७ जूनला त्याला मुरड घालण्यात आली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याची घोषणा झाली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याला तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते; साहजिकच अस्मितेचे निखारे लवकर फुलले. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर किती भाषांचे ओझे द्यावे, यावर सभा झाल्या, मोर्चे ठरले, अग्रलेख लिहिले गेले. परंतु मूल भाषा शिकते म्हणजे नेमके काय करते, त्याला एखादा शब्द ‘येतो’ म्हणजे काय होते, आणि आपल्या शाळा त्या येण्याला हात देतात की आडकाठी घालतात, हा मूळचा प्रश्न या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. तो मुंबई-पुण्यापेक्षा राळेगावसारख्या ठिकाणी उभे राहून विचारला, तर त्याची खोली अधिक स्पष्ट दिसते.

राळेगाव हा यवतमाळ जिल्ह्यातील कापसाचा तालुका. वर्धा नदीच्या अंगाने पसरलेली काळी जमीन, तिच्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन. आणि गोंड, कोलाम, परधान या समाजांची वस्ती एवढी की विधानसभेचा राळेगाव मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. येथील शाळेत येणारी सर्व मुले एकच भाषा घेऊन येत नाहीत. गावातले मूल वऱ्हाडी बोलत येते, पोडावरचे मूल कोलामी, कोणी गोंडी, तर या जिल्ह्यात जागोजागी असलेल्या बंजारा तांड्यांवरचे मूल गोरमाटी. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही यांपैकी कोणाच्याच घरची भाषा नव्हे. कोणाला ती शेजारची वाटते, तर कोणाला साफ परकी.

या मुलांपाशी शब्दांचा तुटवडा आहे, असे शहरातून येणाऱ्या पाहुण्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आईबापांबरोबर वावरात वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलाला धुरा, पऱ्हाटी, सरकी, तिफन, वखर, डवरा, निंदण हे शब्द ठाऊक असतात. कापूस वेचणीच्या आरंभीची सीतादही आणि हंगाम संपतानाची उलंगवाडी त्याच्या परिचयाची असते. पाती कधी धरते, फूल कधी लागते, बोंड कधी फुटते आणि पातेगळ झाली की घरात चिंता का पसरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पुस्तकात मात्र वावराचे ‘शेत’ झालेले असते, धुऱ्याचा ‘बांध’, डवरणीची ‘कोळपणी’, कास्तकाराचा ‘शेतकरी’. ‘वनस्पतीच्या वाढीच्या अवस्था सांगा’ असा प्रश्न आला, की ज्याला त्या अवस्था डोळ्यांनी पाहून पाठ आहेत, तेच मूल गप्प बसण्याचा संभव असतो. मग त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडतो: शब्दसंपत्ती कमी.

शब्द ‘येणे’ म्हणजे काय?

या शेऱ्यात एक मोठी गफलत दडलेली आहे. शब्दसंपत्ती ही रांजणातल्या धान्यासारखी एकच राशी आहे आणि ती मापाने मोजता येते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिच्यात निरनिराळी कौशल्ये एकत्र नांदत असतात. शब्द कानावर पडल्यावर ओळखणे हे एक. तो स्वतः योग्य जागी वापरणे हे दुसरे. छापील रूपात वाचणे हे तिसरे, आणि शुद्ध लिहिणे हे चौथे. त्याचा अर्थ दुसऱ्याला समजावून सांगणे हे याहून वेगळे, शब्दाची फोड करून त्याचे भाईबंद ओळखणे आणखी वेगळे, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून ताडणे हे तर स्वतंत्रच कसब आहे. एकाच मुलाच्या ठायी ही सर्व सारख्या प्रमाणात असतात, असे मानण्यास आधार नाही.

रिचर्ड अँडरसन व पीटर फ्रीबॉडी या अभ्यासकांनी १९८१ मध्ये शब्दज्ञानाचा विस्तार आणि त्याची खोली यांत भेद केला. किती शब्द ठाऊक आहेत हा विस्तार, आणि प्रत्येक शब्द किती अंगांनी ठाऊक आहे ही खोली. ‘पाणी’ हा शब्द ठाऊक नसलेले मराठी मूल मिळणार नाही. परंतु तोंडचे पाणी पळणे, एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे, एखाद्याचे पाणी जोखणे यांतले पाणी कोणते, हे ज्याला कळते त्याचे त्या शब्दाशी असलेले नाते अधिक मुरलेले असते. शब्दांच्या यादीवरून विस्ताराचा अंदाज येतो. खोली तीत सापडत नाही. आणि आपल्या परीक्षा समानार्थी, विरुद्धार्थी, लिंग, वचन यांच्या याद्यांवरच प्रायः विसंबतात. ‘रवि म्हणजे सूर्य’ हे पाठ असणाऱ्या मुलाला रवि हा शब्द आला, असे त्यात धरले जाते.

नाते सख्खे, पण आपोआप नव्हे

ही कौशल्ये एकमेकांपासून तुटलेली आहेत असा याचा अर्थ नाही. विस्तार आणि खोली यांचे नाते घट्ट असते. ज्याचे शब्द पुष्कळ, त्याचे ते सामान्यतः खोलही असतात. कारण नवा शब्द मोकळ्या जागेत येऊन पडत नाही, तो आधीच्या शब्दांच्या जाळ्यात अडकतो. जाळे जितके दाट, तितका तो लवकर अडकतो. वाचनातून शब्द वाढतात आणि शब्द वाढले की वाचन सुकर होते, हे चक्र ज्याच्या बाजूने एकदा फिरू लागले ते मूल झपाट्याने पुढे जाते. ज्याच्यासाठी ते फिरतच नाही ते दरवर्षी थोडे थोडे मागे राहते. पैशाकडे पैसा जातो, तसा शब्दाकडे शब्द जातो. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये वाचनाच्या संदर्भात हेच दाखवले. चौथीतली दरी सातवीत आपसूक बुजत नाही, उलट ती रुंदावत जाते, याचे कारण येथे आहे.

तथापि नाते घट्ट असले म्हणून एक कौशल्य दिल्याने दुसरे फुकटात मिळत नाही. १९८६ मध्येच फिलिप गफ व विल्यम टनमर यांनी वाचनाचे एक साधे समीकरण मांडले. लिहिलेले उलगडण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर फळही शून्य. वऱ्हाडी मुलाच्या कानात शब्द आहेत, पण अक्षरे उलगडत नाहीत. दुसरे मूल अक्षरांवरून घडाघडा वाचते, पण वाचलेले त्याच्या मनाला शिवत नाही. दोघांचे गुण सारखेच कमी येतात, रोग मात्र वेगळा असतो. दोघांना एकच औषध देणारा वैद्य आपण शहाणा म्हणणार नाही. शाळा मात्र तेच करते.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातील सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, असे आढळले. आकडा चिंताजनक आहे आणि त्यावर व्हायला हवी ती चर्चा झालीही. परंतु या पाहणीची वाचनाची कसोटी मुख्यतः उतारा नीट वाचता येतो की नाही एवढीच असते. जी मुले वाचू शकली, त्यांना वाचलेले किती उमजले, हे त्या आकड्याच्या पोटात शोधू नये. कसोटी जेवढे मोजते तेवढेच अध्यापनाचे ध्येय होऊन बसते, हा सर्व परीक्षांचा स्वभावदोष आहे.

मराठीपुरते पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे भाग आहे. आपली लिपी उच्चाराला बरीच प्रामाणिक असली, तरी बाराखडी आणि जोडाक्षरे धरून मुलाला शेकडो आकृती ओळखाव्या लागतात. कन्नडच्या बाबतीत सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की ही ओळख पक्की व्हायला मुलांना प्राथमिक शाळेतील कित्येक वर्षे लागतात. तेवढा काळ अर्थाचे काम थांबवून ठेवणे परवडणारे नाही. त्यातच मराठी शब्द वाक्यात शिरताना रूप पालटतो: पाऊस पडतो, पण आपण पावसात भिजतो, भाऊ येतो, पण आपण भावाला बोलावतो. बोलताना हे मुलाकडून सहज होते. छापील पानावर ‘पावसात’ आणि ‘पाऊस’ एकच, हे मात्र काहींना दाखवून द्यावे लागते.

शब्दाची घडण ओळखण्याचे हे कौशल्य वरच्या इयत्तांत अधिकाधिक मोलाचे ठरते, कारण तेथे पुस्तकांतील शब्द घरी ऐकू येणारे राहत नाहीत. जलाशय, बाष्पीभवन, परिमिती हे शब्द ओसरीवर बसून कोणी बोलत नाही. पण वावरातल्या शब्दांतही घडण असते, आणि शिक्षकाने मनावर घेतले तर तिथूनच पायवाट निघते. पातेगळ ज्याला ठाऊक आहे, त्याला फूलगळ सांगावी लागत नाही; फूलगळीवरून पानगळ, पानगळीवरून नळाची गळती, आणि तिथून शासकीय अहवालांतली ‘विद्यार्थ्यांची गळती’ हे अंतर फार नाही. मात्र ते अंतर मूल एकटे तोडत नाही. बहुसंख्य मुलांना कोणीतरी बोट धरून ते पार करवावे लागते.

संदर्भावरून अर्थ ताडण्याविषयीही असाच भोळा समज आहे. ‘वाचत राहा, अर्थ आपोआप कळेल’ हा सल्ला निम्मा खरा आहे. वाचनातून शब्द कळतात, पण एका भेटीत अर्थ पक्का होण्याची शक्यता अल्प असते. अनेक भेटी व्हाव्या लागतात. शिवाय भोवतालचे बहुतेक शब्द ओळखीचे असतील, तरच अनोळखी शब्दाचा ठाव लागतो. ओळीतले निम्मे शब्द परके असतील, तर अंदाज बांधायचा कशावरून? ज्याच्याकडे शब्द आहेत त्यालाच हा उपाय लाभतो. उलट निवडक शब्दांचे अर्थ मन लावून शिकवले, तर ते शब्द असलेला उतारा मुलांना अधिक चांगला समजतो. परंतु तेवढ्याने कोणताही उतारा समजू लागेल, अशी आशा संशोधनाने फारशी पुरी केलेली नाही. म्हणून यादी पाठ करून घेणे आणि मुलाला पुस्तकांच्या ढिगात सोडून देणे, या दोन्ही टोकांना अर्थ नाही.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

कोलामाच्या पोडावरून येणाऱ्या मुलाचा प्रश्न आणखी एक पायरी खालचा आहे. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगू आणि गोंडी यांच्यासारखी द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात तिची नोंद झाली; एमेनो यांचा वर्धा भागातील कोलामीवरचा ग्रंथ १९५५ साली निघाला. २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी ही आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. विद्वानांच्या कपाटात जिला शंभर वर्षांपूर्वी जागा मिळाली, ती पोडापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वर्गाच्या फळ्यावर सहसा दिसत नाही.

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. मुलाने एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उतरू शकते. नवा असतो तो शब्द, कल्पना नवी नसते. पाण्याला कोलामीत ईर म्हणणाऱ्या मुलाला पाणी म्हणजे काय हे शिकवायचे नसते, ‘पाणी’ हा ध्वनी तेवढा जोडून द्यायचा असतो. परंतु ही जोड घालण्यासाठी घरचा शब्द वर्गात उच्चारला जावा लागतो. तो उच्चारला की हसू होते आणि न उच्चारला की मूल मुके होते, अशी स्थिती असेल, तर पूल बांधायचा कोठून? कमिन्स यांनी आणखी एक इशारा दिला आहे. मैदानावर गप्पा मारण्यापुरती भाषा मुलाला लवकर येते. पाठ समजण्याजोगी भाषा यायला त्याहून बरीच वर्षे लागतात. तिसरीतले कोलाम मूल मराठी छान बोलते, म्हणून त्याला मराठी येते असे समजणारा शिक्षक नकळत त्याचे नुकसान करतो.

घरच्या भाषेतून शिकवण्याचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला होता. पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाई येथे १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली. गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार केले गेले आणि गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच मुलांच्या पायापाशी नेली. राज्यघटनेतही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३५० अ आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यास सांगितले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले. वाट माहीत नव्हती, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

करता येण्याजोगे

मराठी वर्गात प्रत्यक्षात काय चालते, याचा एक गंभीर अभ्यास उपलब्ध आहे. वाडा (आता पालघर जिल्हा) आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून शैलजा मेनन व सहकाऱ्यांनी केलेला अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अध्यापनाचा भार अक्षरे आणि उच्चार यांवर, अर्थाची देवाणघेवाण, संभाषण व स्वतःचे लेखन यांना जागा तोकडी, आणि एवढे करूनही अनेक मुलांची अक्षरओळखही कच्चीच, असे चित्र त्यातून पुढे आले. अर्थ बाजूला ठेवून लिपी आधी पक्की करू म्हणणाऱ्यांच्या हाती शेवटी दोन्ही लागले नाही.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’ बरोबर ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली. डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बाई समजावून सांगत होत्या की लिहिताना आधी दोन आणि मग पाच, पण बोलताना आधी पाच आणि मग वीस, हा उलटा क्रम व त्यातली जोडाक्षरे लहान मुलांना अडवतात. नवी नावे रुचली नाहीत, असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. पण शब्दाचे रूप आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये मूल कोठे अडखळते, हा जो खरा मुद्दा त्या निमित्ताने पुढे आला होता, तो विनोदांत वाहून गेला. भाषेच्या अभिमानाला आपल्याकडे कधी तोटा नसतो. मुलाच्या अडचणीकडे पाहण्याचा धीर तेवढा कमी पडतो.

करायचे ते अवाढव्य खर्चाचे नाही. शिक्षकाने रोज पाव तास मुलांना चांगले काही मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यावर बोलते करावे. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्याही कानांवाटे पुस्तकातले शब्द आत जातात. मुलांनी घरचे शब्द आणावेत, ते वहीत एका बाजूला आणि पुस्तकातले दुसऱ्या बाजूला लिहावेत. वावर आणि शेत, धुरा आणि बांध, ईर आणि पाणी. अशी वही हाच गावाचा पहिला कोश होईल. पोडावरची, थोडे शिकलेली मुलगी खालच्या वर्गांत मदतनीस म्हणून नेमता आली, तर एका मानधनात दोन भाषांमधले दार उघडे राहील. आणि परीक्षेत यादी कमी करून ‘हा शब्द तुझ्या वाक्यात वापर’, ‘याच्या घरातले आणखी दोन शब्द सांग’, ‘या ओळीवरून याचा अर्थ काय असेल, आणि तुला तसे का वाटले’ असे प्रश्न वाढवावेत. कोणते कौशल्य लंगडे आहे हे त्यातून कळेल, आणि मग औषधही नेमके देता येईल.

यावर एक आक्षेप येईल. घरच्या शब्दांना इतके डोक्यावर घेतले, तर ही मुले प्रमाण मराठीत मागे पडतील. आक्षेप क्षुल्लक नाही. प्रमाण मराठी त्यांना आलीच पाहिजे, किंबहुना इतरांपेक्षा अधिक नेटाने आली पाहिजे. तहसील कचेरी, न्यायालय आणि विद्यापीठ ही त्याच भाषेत बोलतात. प्रश्न एवढाच आहे की तिथवर जायचे ते घरच्या शब्दाच्या खांद्यावरून, की त्याला पायाखाली घालून. पहिला मार्ग लांबचा दिसतो, पण पोचवतो.

हा केवळ गुणपत्रिकेचा प्रश्न नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्याची कारणे अनेक होती. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची घातक मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव. सारा दोष वाचनावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण त्या डब्यांवर आणि त्यांच्यासोबतच्या चिठोऱ्यांवर जे छापलेले असते, ते शाळेतल्या भाषेत असते. मात्रा, द्रावण, विषबाधेची लक्षणे, प्रतिविष. हे शब्द घडाघडा वाचता येणे आणि त्यांचा अर्थ अंगाला कळणे, यांतले अंतर वर्गात दोन गुणांचे असते. वावरात ते किती असते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

राळेगावच्या मुलाला पातेगळ कळते. पात्या गळू लागल्या की कास्तकार हात जोडून बसत नाही. पाणी कमी पडले की जास्त झाले, कीड आली की खताची उणीव आहे, हे आधी पाहतो आणि मग उपाय करतो. वर्गात शब्द गळतात तेव्हा कोणता शब्द कोठे आणि कशाने गळाला, एवढे पाहण्याची तसदी शाळेने आणि शासनाने घ्यावी. भाषा दोन शिकवायच्या की तीन, हे त्यानंतर ठरवले तरी चालेल.